गुणगौरवाच्या आधीची चार वर्षे
(संस्थेच्या वार्षिक पालक-शिक्षक मेळाव्यात जळगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



'वैद्यकीय शिक्षणाकडे वळणारे आपले विद्यार्थी आणि समाजाचे कर्तव्य' असा विषय मला देण्यात आला आहे. तो ऐकून माझ्या एका सहकाऱ्याने विचारले, 'तुम्ही बी. ए., बी. एड. धुळ्याच्या उर्दू शाळेत मराठी शिकवता. डॉक्टर होणाऱ्या मुलांना तुम्ही काय सांगणार?' प्रश्न रास्त आहे. मला भौतिकशास्त्राचे गणित सोडवता येत नाही आणि रसायनशास्त्राची समीकरणे पाहिली की मी आदराने दूर उभा राहतो. तरीही मी हे आमंत्रण स्वीकारले, कारण वर्गात उभे राहून गेली काही वर्षे मी एक गोष्ट पाहत आहे. आपल्यातला होणारा डॉक्टर बारावीच्या परीक्षेत हरवत नाही. तो त्याच्या बराच आधी, आठवी-नववीत आणि अकरावीच्या पहिल्या सहा महिन्यांत हरवतो. त्या वेळी तो माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराच्या समोर बसलेला असतो.

दरवर्षी वैद्यकीय प्रवेशाच्या याद्या लागल्या की आपल्याकडे सत्कारांची लाट येते. कौतुक व्हावे, मी त्याच्या विरुद्ध नाही. धाकट्या मुलांच्या डोळ्यांसमोर एक चेहरा उभा राहतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण एका मुलाला मी एकाच आठवड्यात तीन ठिकाणी स्मृतिचिन्हे घेताना पाहिले. तिसऱ्या समारंभात त्याचे वडील माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, 'सर, ट्रॉफ्या ठेवायला घरात फळी नाही. होस्टेलची अनामत भरायची आहे, तेवढे कोणी विचारले असते तर बरे झाले असते.' जो मुलगा आपल्या बळावर किनाऱ्याला लागला त्याला आपण हार घालतो. जो मध्ये गटांगळ्या खात होता त्याचे नावही आपल्याला माहीत नसते. मला आज त्या दुसऱ्या मुलाविषयी बोलायचे आहे.

आपल्या भागात वैद्यकीय महाविद्यालये नाहीत, ही तक्रार आता करता येणार नाही. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली सुरू झाले. जळगावला शासकीय महाविद्यालय २०१८ मध्ये आले आणि नंदुरबारला २०२० मध्ये. खाजगी महाविद्यालये वेगळीच. आमच्या शाळेतली मुले चक्करबर्डीची ती इमारत येता-जाता पाहतात, नातेवाइकांना तेथे भेटायला जातात. इमारत जवळ आली, तिच्यातले बाक मात्र जवळ आले नाहीत. पूर्वी राज्यात सत्तर-तीसचा प्रादेशिक कोटा होता, तो सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. आता लातूरचा विद्यार्थी धुळ्याची जागा घेऊ शकतो, आणि आपलाही मिरजेला किंवा मुंबईला जाऊ शकतो. म्हणजे आपल्या मुलाची शर्यत आता साऱ्या महाराष्ट्राशी आहे.

ही शर्यत म्हणजे 'नीट' परीक्षा. ज्या पालकांनी केवळ नाव ऐकले आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १८० प्रश्न, १८० मिनिटे, ७२० गुण. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक वजा. एका प्रश्नाला एक मिनिट! आता यात माझ्यासारख्याने लक्ष द्यावे अशी गोष्ट कोणती? निम्मी परीक्षा, ७२० पैकी ३६० गुण, जीवशास्त्राची आहे, आणि जीवशास्त्र हा फार मोठ्या प्रमाणावर वाचनाचा विषय आहे. प्रश्नात दोन-चार विधाने देतात आणि त्यांतले चुकीचे कोणते ते विचारतात. 'इनकरेक्ट' हा एक शब्द नजरेतून सुटला, 'ऑल' आणि 'मोस्ट' यांतला फरक कळला नाही, की सगळे ज्ञान असूनही गुण गेले. विज्ञान येते पण वाक्य वाचता येत नाही, अशी आपल्या कितीतरी मुलांची अवस्था आहे.

ती का, ते पाहा. आमच्याकडे मूल दहावीपर्यंत विज्ञान उर्दूतून शिकते. पेशीला ते 'खलिया' म्हणते, प्रकाशसंश्लेषणाला 'ज़ियाई तालीफ', त्वरणाला 'इसराअ'. शब्द सुंदर आहेत, त्यांत काही उणे नाही. पण अकरावीला विज्ञान शाखेत पाऊल टाकले की पुस्तक इंग्रजी, शिकवणे इंग्रजी. खलियाचा 'सेल' झाला आणि इसराअचे 'अ‍ॅक्सिलरेशन'. मुलाला वाटते, आपण दहा वर्षे काही शिकलोच नाही. खरे पाहता त्याला पुष्कळ येत असते, फक्त प्रत्येक ओळखीच्या माणसाने नाव बदललेले असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचीही हीच गत होते, पण त्याच्या घरी-शेजारी वाट दाखवणारे कोणी तरी सापडते. आपल्या घरांत बहुधा ते मूलच सर्वांत जास्त शिकलेले असते. दिवाळीच्या सुटीपर्यंत ते वर्गात मागच्या बाकावर जाते, आणि पुढे एक दिवस 'सर, मी आर्ट्सला जाऊ का?' म्हणून विचारायला येते. कला शाखा वाईट नव्हे, मी स्वतः तिचाच विद्यार्थी आहे. पण तिच्याकडे आवडीने जावे, पळून जाऊ नये.

यावर फार खर्चिक उपाय लागत नाही. मी आठवीपासून मुलांना तीन रकान्यांची वही करायला लावतो: उर्दू, मराठी, इंग्रजी. विज्ञानाच्या धड्यातले दहा शब्द दर आठवड्याला. विज्ञानाचे शिक्षक अर्थ सांगतात, मी शब्द फोडून दाखवतो. 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी, शेवटी 'आयटिस' आले की दाह. परवा नववीतल्या एका मुलीने मला 'हिपॅटायटिस' शब्द फोडून दाखवला. तिच्या दादीला कावीळ झाली होती आणि दवाखान्याच्या फायलीवरचा शब्द ती पाठ करून आली होती. 'सर, हिपॅट म्हणजे लिव्हर आणि पुढे दाह, बरोबर ना?' तिच्या घरात त्या दिवशी ती फाईल वाचू शकणारी ती एकटीच होती. ही वही तीन वर्षे चालली तर अकरावीच्या दारात मूल अडखळणार नाही, असा माझा विश्वास आहे. प्रत्येक उर्दू शाळेतल्या भाषा आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी आठवड्यातून एक तास एकत्र बसावे, एवढीच माझी मागणी आहे.

येथे कोणी विचारील, 'नीट' उर्दूतही होते ना? होते. २०१७ मध्ये ही परीक्षा मराठीसह दहा भाषांत झाली आणि उर्दू त्यांत नव्हती. स्टुडंट्स इस्लामिक ऑर्गनायझेशनने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, आणि २०१८ पासून उर्दूचा समावेश झाला. ज्यांनी हे मिळवले त्यांचे आपण ऋणी आहोत. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची विज्ञानाची पुस्तकेही उर्दूत आहेत. त्यांचा आधार अवश्य घ्यावा, एखादा भाग इंग्रजीतून उलगडत नसेल तर उर्दूतून समजून घ्यावा. पण माझे प्रामाणिक मत असे, की हा जिन्याचा कठडा आहे. धरून वर चढायचे, तेथेच उभे राहायचे नाही. अनुवादात संदिग्धता असेल तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो, आणि वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर शरीररचनेचे जाडजूड पुस्तक इंग्रजीतच उघडावे लागते.

आता मुलींविषयी. बारावीच्या विज्ञानाच्या वर्गात आमच्याकडे पुढचे बाक मुलींचे असतात, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो. पण परीक्षेच्या तयारीसाठी मुले लातूरला जातात, कोणी कोट्याला जाते, आणि मुली घरी राहतात. गेल्या वर्षी एका मातेला मी म्हणालो, 'खाला, मुलगी थोडक्यात राहिली आहे. एक वर्ष द्या तिला.' त्या म्हणाल्या, 'सर, हिचे अब्बा पॉवरलूमवर रात्रपाळी करतात. घर दोन खोल्यांचे. दिवसा ते झोपतात म्हणून हिला बोलतासुद्धा येत नाही, पाठांतर कुठे करील? आणि लातूरला हिच्यासोबत कोण राहील?' त्यांनी नकार दिला नव्हता, त्यांनी अडचण सांगितली होती. या दोन गोष्टींत आपण नेहमी गल्लत करतो आणि 'आपल्या समाजाला मुलींचे शिक्षण नको' असे म्हणून मोकळे होतो. त्या मुलीला जागा हवी होती, दिवा हवा होता आणि सुरक्षित येणे-जाणे हवे होते.

पहिल्या प्रयत्नात कमी पडलेले मूल नापास नसते. यशस्वी होणाऱ्यांत दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेले पुष्कळ असतात, हे या क्षेत्रातला कोणीही सांगेल. पण आपल्याकडे मुलाला दुसरे वर्ष मिळते आणि मुलीला स्थळ येते. म्हणून माझी संस्थेला विनंती आहे, की शाळेचा एक हॉल संध्याकाळी मुलींच्या अभ्यासिकेसाठी उघडा ठेवावा, एक जबाबदार स्त्री कर्मचारी असावी आणि घरी सोडायला रिक्षा ठरवून द्यावी. रिक्षावाले आपलेच पालक आहेत, या सभेतही बसले आहेत. जकातीच्या रकमेतून गरजू मुलांची फी भरणारे दाते आपल्यात आहेत. ही रक्कम कोणाला, कोणत्या अटीवर द्यायची ते उलेमांना विचारून ठरवावे. पण रमजान संपल्यावर ठरवण्यापेक्षा शाबानमध्ये ठरवावे, म्हणजे खऱ्या गरजूची चौकशी करायला वेळ मिळतो.

हे सगळे स्वप्नरंजन नाही. बीदरला अब्दुल कदीर यांनी १९८९ मध्ये लहान प्रमाणात सुरू केलेल्या शाहीन संस्थेने मदरशातून हाफिज होऊन आलेल्या मुलांना विज्ञान शिकवून वैद्यकीय प्रवेशापर्यंत नेले आहे. मोठ्या संस्थेची गोष्ट राहू द्या. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' नावाचा उपक्रम उभा केला. गरीब आणि आदिवासी मुलांना ते स्वतः शिकवू लागले. जो कालच परीक्षा देऊन गेला त्याच्याइतका चांगला शिक्षक दुसरा नाही, कारण आपण कोठे अडखळलो होतो ते त्याला अजून आठवत असते. धुळ्यात आणि जळगावात आज आपली मुले एम. बी. बी. एस.ला आहेत, जळगावच्या इकरा युनानी महाविद्यालयात आणि मालेगावच्या मन्सुऱ्यात बी. यू. एम. एस. शिकत आहेत. त्यांना हार घालण्याऐवजी आपण त्यांच्याकडे रविवारचे दोन तास मागितले आहेत काय?

आता कागदपत्रांकडे वळतो. विषय रूक्ष आहे, पण येथे जेवढ्या जागा आपण गमावतो तेवढ्या कदाचित परीक्षेतही गमावत नसू. मोमीन, पिंजारी, मन्यार, बागवान, तांबोळी अशा कित्येक मुस्लिम जमाती महाराष्ट्रात इतर मागासवर्गात आहेत. पण सवलत मिळायची तर जातीचा दाखला हवा, त्याची पडताळणी झालेली हवी आणि नॉन-क्रीमी लेयरचे प्रमाणपत्र हवे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणजे बहुधा आजोबांचा. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात काय लिहिले आहे? 'मुसलमान'. नाव 'शेख' अमुक, जात 'मुसलमान', आणि धंद्याचा कोठेच उल्लेख नाही. त्या काळच्या गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना कोणी विचारलेच नव्हते. पण आजोबांच्या भावाच्या, चुलत्याच्या नोंदीत धंद्याचे नाव असू शकते. गावच्या कोतवाल बुकात, जन्म-मृत्यूच्या नोंदीत असू शकते. शोधावे लागते, मोडी वाचणारा गाठावा लागतो, आणि वडिलांकडच्या रक्ताच्या एका नातेवाइकाची पडताळणी झाली की बाकीच्यांची वाट पुष्कळ सोपी होते. म्हणून हे काम एका मुलाचे नाही, साऱ्या खानदानाचे आहे.

माझ्या माहितीतला एक मुलगा गुणांत बसत होता. त्याचा पडताळणीचा अर्ज एका कार्यालयात पडून राहिला आणि प्रवेशाची तारीख निघून गेली. त्याने अर्ज केला होता निकाल लागल्यावर. हा अर्ज अकरावीत करायचा असतो, आणि पुराव्यांचा शोध त्याआधी, नववी-दहावीत. यावल, रावेर, चोपडा भागातले आपले तडवी बांधव अनुसूचित जमातीत येतात. त्यांच्यासाठी पुराव्याची तारीख आणखी मागे, ६ सप्टेंबर १९५० आहे. त्यांनी तर आणखी लवकर सुरुवात करावी. जे कोणत्याच मागास यादीत नाहीत त्यांच्यासाठी २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकांचे दहा टक्के आरक्षण आहे. हे आपल्यालाही लागू आहे, हे अनेक सय्यद-पठाण कुटुंबांना ठाऊकच नसते. आणि जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागासवर्ग व आर्थिक दुर्बल घटकांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. त्या खालांना मी हेही सांगितले होते.

जाता जाता एक सांगतो. २०१४ च्या जुलैत मुस्लिमांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. त्यातील शिक्षणाचा भाग मुंबई उच्च न्यायालयाने त्या नोव्हेंबरात रोखला नाही, तरी कायदा न झाल्याने तो अध्यादेश संपला. त्याविषयी मागणी करणाऱ्यांनी जरूर करावी, तो आपला लोकशाही हक्क आहे. पण जे आज यादीत आहे ते कागद नाहीत म्हणून सोडून द्यायचे आणि जे नाही त्याच्यावर चौकात चर्चा करायची, हा व्यवहार मला पटत नाही.

प्रवेश मिळाला म्हणजे आपले काम संपले असेही नाही. हे मी जळगावात बोलत आहे, म्हणून डॉ. पायल तडवी यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. याच जिल्ह्याची, तडवी समाजातली ही मुलगी. मिरजेहून एम. बी. बी. एस. झाली, स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईला नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात गेली, आणि २२ मे २०१९ रोजी तिने आपले जीवन संपवले. वरिष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून छळ होत होता, अशी कुटुंबाची तक्रार आहे. प्रकरण न्यायालयात गेले, न्यायनिवाडा तेथेच होईल, मी त्यावर बोलणार नाही. तिच्या आईने २०१९ मध्येच शिक्षणसंस्थांतील भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. आपल्यापुरते मी एवढेच विचारतो, की आपल्या ज्या मुली आणि मुले आज दूरच्या वसतिगृहांत आहेत त्यांना महिन्यातून एकदा फोन करणारे, घरच्यांपलीकडचे, त्या क्षेत्रातले जाणते माणूस आपण नेमून दिले आहे का? घरी सांगितले तर अम्मी-अब्बा घाबरतील, परत बोलावतील, म्हणून मुले घरी सांगत नाहीत. तेथे कोणी सांगण्यासारखे नसते. शहरातल्या आपल्या प्रत्येक डॉक्टराने अशी दोन मुले वाटून घ्यावीत. त्रास होत असेल तर तक्रार कोठे आणि कशी लेखी करायची, हे त्यांना माहीत असते.

ज्यांना एम. बी. बी. एस. मिळत नाही त्यांच्याविषयी थोडक्यात बोलतो. युनानी, आयुर्वेद, होमिओपॅथीलाही 'नीट' लागते. युनानीला आपल्या मुलाची उर्दू ही अडचण नसून पुंजी आहे. पण ती शाखा आवडून घ्यावी, हरल्याचे सांत्वन म्हणून नव्हे. त्याने रुग्णाचेही नुकसान होते. औषधनिर्माण, परिचर्या, प्रयोगशाळा तंत्रज्ञान या वाटा आपण मुलांना बारावीनंतर सांगतो, त्या दहावीलाच सांगाव्यात.

अध्यक्ष महोदय, माझी वेळ संपत आली आहे. सभागृहाच्या दाराशी एका टेबलावर दोन वह्या ठेवल्या आहेत. पहिलीत डॉक्टर मंडळींनी आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आपले नाव आणि महिन्यातला कोणता रविवार देऊ शकता ते लिहावे. दुसरी आठवी ते दहावीच्या पालकांसाठी आहे. तीत मुलाचे नाव, इयत्ता, आणि आजोबा कोणत्या गावच्या शाळेत होते ते लिहावे. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गावाचे नाव तरी लिहावे. सुटीत आम्ही काही शिक्षक त्या गावांना जाऊन जुनी रजिस्टरे पाहणार आहोत.